सायकलवरून कामाला जाताना सामान कसे न्यावे: खान्देशातील सायकलस्वारांचे नेहमीचे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत रोज सायकलने कामावर जाणारे लोक आजही पुष्कळ आहेत. औद्योगिक वसाहतीत पाळीला जाणारा कामगार, वह्यांचे गठ्ठे घरी आणणारे शिक्षक, घरोघरी दुरुस्तीला जाणारा वायरमन आणि लॅपटॉप घेऊन कार्यालयात जाणारी कर्मचारी यांची कामे वेगळी असली, तरी सामानाविषयीचे त्यांचे प्रश्न जवळजवळ सारखेच असतात. पुढील उत्तरांमध्ये एक क्रम आग्रहाने पाळला आहे. आधी सामानाचा विचार करावा, मग कॅरिअरचा, आणि पिशवीचा सर्वांत शेवटी. बहुतेक जण याच्या उलट करतात. चांगली दिसणारी पिशवी आधी विकत घेतात आणि ती सायकलला बसत नाही, हे नंतर लक्षात येते.

पिशवी घेण्याआधी काय ठरवावे?

रोज काय न्यावे लागते आणि काय केवळ सवयीने नेले जाते, हे आधी वेगळे काढावे. आठवडाभर संध्याकाळी घरी आल्यावर पिशवी रिकामी करून पाहिली, तर दिवसभरात हातही न लागलेल्या वस्तू हमखास सापडतात. जुनी डायरी, दुसरा चार्जर, जाडजूड कुलपाची साखळी, मागच्या महिन्यातील पावत्या अशा वस्तूंचे वजन एकेकटे पाहिले तर किरकोळ वाटते, पण त्यांची बेरीज दोन-तीन किलोंपर्यंत सहज जाते. हे ओझे रोज दोन वेळा वाहायचे असते.

जे सामान कामाच्या ठिकाणी ठेवता येते, ते तेथेच ठेवावे. सेफ्टी शूज, कारखान्यातले हेल्मेट, चहाचा कप, चार्जर आणि एक जादा शर्ट यांसाठी लॉकर किंवा टेबलाचा खण मिळवणे, हे कोणत्याही पिशवीपेक्षा अधिक उपयोगाचे आहे. लोखंडी टोपीचे सेफ्टी शूज एक किलोहून जड भरतात. दरवाजातून आत गेल्यावरच लागणारी ही वस्तू रस्ताभर मिरवण्याचे काही कारण नाही. चार्जर दुसरा घ्यावा लागला, तरी तो खर्च एकदाच होतो.

यानंतर उरलेले सामान घरच्या काट्यावर मोजावे. अंदाज बहुधा कमीच निघतो. ८० जीएसएमच्या ए-फोर कागदाचे ५०० पानांचे एक रीम अडीच किलोंचे असते, आणि पाण्याच्या दोन लिटरच्या बाटलीचे वजन दोन किलोंच्या वर जाते, हे हातात उचलून पाहिल्याखेरीज ध्यानात येत नाही.

पाठीवर सॅक घेतली तर काय बिघडते?

दोन-तीन किलो वजन आणि दोन-तीन किलोमीटर अंतर असेल, तर काहीही बिघडत नाही. अंतर किंवा वजन वाढले, की दोन अडचणी येतात. पहिली घामाची. भुसावळ-जळगाव पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि त्या हवेत पाठ झाकलेली असली, की शर्ट तर भिजतोच, शिवाय तोच ओलावा सॅकच्या पाठीकडील कप्प्यात, म्हणजे नेमका लॅपटॉपच्या कप्प्यात, उतरतो. दुसरी अडचण तोलाची. वजन खांद्याच्या उंचीवर असल्याने वळताना आणि खड्डा चुकवताना सायकल अधिक झोके खाते, आणि सगळा भार बसण्याच्या हाडांवर व मनगटांवर येतो. ज्यांना कंबरेचा किंवा मानेचा त्रास आहे, त्यांनी सॅक कॅरिअरवर आडवी बांधली, तरी फरक जाणवतो.

लोंबणारे पट्टे मात्र नीट गुंडाळावेत. सॅकचा सुटा पट्टा काय किंवा ओढणी काय, मागच्या चाकात गेली तर सायकल जागच्या जागी थांबते.

डब्याची पिशवी हँडलला अडकवलेली चालते का?

चालत नाही. आपल्याकडे ही सवय घरोघरी आहे, म्हणून स्पष्टच लिहिले आहे. लोंबणारी पिशवी झोका घेऊन पुढच्या चाकाच्या स्पोकमध्ये शिरू शकते. पुढचे चाक असे अचानक अडकले, की चालवणारा हँडलवरून पुढे फेकला जातो. हँडलला पुढे टोपली बसवून तिच्यात डबा ठेवणे पुष्कळच बरे आहे. मात्र टोपलीत तीन किलोंहून अधिक वजन टाकू नये, कारण ते हँडलबरोबर वळते आणि हळू चालवताना सायकल हाताला जड लागते.

कॅरिअर कसे निवडावे?

जुन्या घडणीची काळी, डंड्याची सायकल असेल, तर हा प्रश्न जवळजवळ सुटलेलाच आहे. तिचे कॅरिअर लोखंडी असते, त्याचे पाय मागच्या ॲक्सलच्या, म्हणजे चाकाच्या आसाच्या, नटाखाली येतात, आणि भार सरळ चाकाच्या मध्यावर उतरतो. या सायकलींवरून दुधाच्या किटल्या, पिठाची पोती आणि केळीचे घड अनेक दशके वाहिले गेले आहेत. असे कॅरिअर मोडले, तरी कोणत्याही गावात वेल्डिंग करून मिळते. ॲल्युमिनिअमचे कॅरिअर वजनाला हलके असते आणि गंजत नाही, पण तडकले तर आपल्या तालुक्यांच्या ठिकाणी ते जोडून देणारा कारागीर सहज सापडत नाही. केवळ या एका कारणासाठी, वजन थोडे अधिक असूनही, माझा कौल लोखंडी कॅरिअरला आहे.

गिअरच्या नव्या सायकलींची अडचण वेगळी आहे. त्यांपैकी अनेकींना कॅरिअर येत नाही, पण फ्रेमला मागच्या ॲक्सलजवळ आणि सीटखाली बोल्टची छिद्रे दिलेली असतात. सायकल घेतानाच ही छिद्रे पाहावीत. ती असतील, तर दोन्ही बाजूंना पाय असलेले कॅरिअर बसते. ती नसतील, तर फ्रेमच्या नळीला कवळणारे क्लॅम्प वापरता येतात. केवळ सीटच्या दांड्याला एका ठिकाणी आवळलेले, मागे अधांतरी राहणारे कॅरिअर मात्र दैनंदिन कामाच्या सामानासाठी घेऊ नये. हादऱ्यांनी ते बाजूला फिरते आणि त्याला दोन्ही बाजूंच्या पिशव्या नीट टेकत नाहीत. मागच्या चाकालाही सस्पेन्शन असलेल्या सायकलीवर चांगले कॅरिअर बसवणे अवघड असते. अशी सायकल सामानासाठी विकत घेऊ नये, एवढाच सल्ला देता येईल.

कॅरिअरवर किती भार चालतो, हे पुष्कळदा त्याच्याच पट्टीवर कोरलेले किंवा छापलेले असते. १०, १८ आणि २५ किलो हे नेहमी आढळणारे आकडे आहेत. हा आकडा पिशवीसह एकूण वजनाचा आहे, हे विसरू नये.

रोज किती वजन नेणे योग्य ठरते?

सपाट रस्त्यावर आठ-दहा किलोंपर्यंतचे वजन फारसे जाणवत नाही, आणि तापीकाठचा बहुतांश प्रदेश सपाटच आहे. वजन वाढले, की पायांच्या आधी मागचे चाक तक्रार करते. स्पोक सैल होतात, चाक आउट होते, म्हणजे फिरताना डगमगते, आणि मग एखादा स्पोक तुटतो. तो बहुधा चेनच्या बाजूचाच असतो, कारण त्या बाजूला ताण अधिक असतो. त्यामुळे रोज वजन वाहायचे असेल, तर मागच्या चाकाचा आउट काढून घेणे आणि टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादेत मागची हवा नेहमीपेक्षा थोडी अधिक ठेवणे आवश्यक आहे. हवा कमी असताना खड्ड्यात आदळले, की ट्यूब रिमखाली चिमटली जाऊन दोन समांतर छिद्रे पडतात.

ब्रेकचाही विचार करावा. भरलेली सायकल थांबायला अधिक अंतर घेते. दांड्याचे ब्रेक आणि चकचकीत स्टीलची रिम असलेल्या सायकली पावसात मुळातच उशिरा थांबतात, हे लक्षात ठेवून उतारावर वेग आधीच कमी करावा.

कॅरिअरच्या बाजूला लावायच्या पिशव्यांमध्ये काय पाहावे?

या पिशव्यांना दुकानात पॅनिअर म्हणतात. कापड आणि रंग पाहण्याआधी त्यांचे आकडे, म्हणजे अडकवायचे हुक, पाहावेत. वरचे दोन आकडे कॅरिअरच्या सळईवर घट्ट बसतात का, आणि खड्ड्यात उसळून ते निघू नयेत यासाठी काही खिटी आहे का, हे हाताने हलवून तपासावे. कॅरिअरची सळई बारीक आणि आकडा मोठा असेल, तर पिशवी दिवसभर खडखडते. जुन्या ट्यूबची पट्टी सळईवर गुंडाळली, की हा आवाज थांबतो. खालच्या बाजूलाही एक हुक किंवा पट्टा हवाच, अन्यथा वळणावर पिशवीचे तळ बाहेर झुकते आणि परत येऊन चाकावर आपटते.

पिशवीची पाठ कडक असावी. मऊ पिशवी भरल्यावर फुगते आणि तिचा कोपरा स्पोकला घासतो. आतून पातळ प्लायवूडचा किंवा प्लास्टिकचा पत्रा टाकला, तरी हे काम होते.

टाच लागते का, हे पाहायला बहुतेक जण विसरतात. पॅडल मागे येते तेव्हा बुटाची टाच पिशवीला लागत असेल, तर पिशवी थोडी मागे सरकवावी. आखूड फ्रेमच्या सायकलीवर आणि मोठ्या बुटांना ही अडचण हमखास येते. पुढच्या खालच्या कोपऱ्यात तिरपी कापलेली पिशवी मिळाली, तर ती या दृष्टीने सर्वांत सोयीची.

महागड्या पिशव्या परवडत नाहीत. आपल्या गावात काय करून घेता येईल?

पुष्कळ काही. रिक्षाचे हूड, ट्रॅक्टरची छते आणि गाड्यांचे सीटकव्हर शिवणारे कारागीर जळगाव, धुळे, चाळीसगाव, शिरपूर अशा सर्व ठिकाणी आहेत. त्यांच्याकडे रेग्झीन, जाड कॅनव्हास व ताडपत्री असते, जाड कापडाला चालणारी शिलाई मशीन असते, आणि नायलॉनचे पट्टे व बकलेही असतात. त्यांच्याकडे सायकल घेऊन जावे, कॅरिअरची लांबी आणि त्याच्या वरच्या पट्टीपासून ॲक्सलपर्यंतची उंची मोजून द्यावी, आणि कॅरिअरवरून खोगिरासारखी दोन्ही बाजूंना उतरणारी जोडपिशवी शिवून घ्यावी. मधली पट्टी कॅरिअरवर बसते, तिला चार ठिकाणी पट्ट्यांनी आवळता येते, आणि आकड्यांची गरजच उरत नाही. तोटा एवढाच, की ती सारखी काढता-घालता येत नाही. त्यामुळे कारागिराला ती कायमची समजून शिवायला सांगावे आणि आत स्वतंत्र कापडी पिशव्या ठेवाव्यात.

दुसरा मार्ग किराणा दुकानातून जातो. खाद्यतेलाचा १५ लिटरचा चौकोनी प्लास्टिकचा डबा रिकामा झाल्यावर वरून कापला, गरम पाणी व साबणाने धुऊन तेलाचा वास घालवला, आणि त्याच्या एका बाजूस दोन मजबूत लोखंडी आकडे मोठ्या वॉशरसह नट-बोल्टने बसवले, तर उत्तम कडक पॅनिअर तयार होतो. वॉशर मोठाच घ्यावा, कारण लहान वॉशर प्लास्टिक फाडून बाहेर येतो. तळाशी बारीक छिद्रे पाडावीत की नाही, याविषयी मतभेद आहेत. अवजारे नेणाऱ्याने पाडावीत आणि कागद नेणाऱ्याने पाडू नयेत, असे माझे मत आहे. हा डबा दिसायला साधा असतो, आणि त्यामुळेच तो कोणी उचलून नेत नाही.

वजन खाली आणि दोन्ही बाजूंना सारखे ठेवण्याची ही रीत परदेशी पिशव्यांबरोबर आलेली नाही, हे जाता जाता नोंदवायला हवे. किटल्या कॅरिअरच्या दोन्ही अंगांना टांगून भल्या पहाटे गावाकडून शहराकडे येणारे दूधवाले तीच पाळत आले आहेत.

लॅपटॉप सायकलवर नेणे सुरक्षित आहे का?

थोडी काळजी घेतल्यास आहे. लॅपटॉपला धोका तीन गोष्टींचा असतो: हादरे, पाणी आणि ऊन. खान्देशात यांपैकी ऊन सर्वांत अधिक दुर्लक्षित राहते.

हादऱ्यांसाठी लॅपटॉप जाड फोमच्या पाकिटात घालून पिशवीत उभा ठेवावा. त्याची कड पिशवीच्या तळाला थेट टेकू नये. तळाशी घडी घातलेला टॉवेल किंवा फोमचा तुकडा ठेवला, की खड्ड्याचा धक्का तो शोषून घेतो. फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क असेल, तर लॅपटॉप स्लीपमध्ये न ठेवता पूर्ण बंद करूनच न्यावा. एसएसडी असलेल्या लॅपटॉपमध्ये हलणारे भाग नसल्याने डिस्कला हादऱ्यांची भीती फारशी उरत नाही; तरीही बंद पिशवीत तो अचानक चालू होऊन तापू नये, म्हणून बंद करणेच श्रेयस्कर. चार्जर, पाना किंवा टिफिन लॅपटॉपच्या पडद्याच्या बाजूला कधीही ठेवू नये.

उन्हाचे गणित असे आहे. बहुतेक लॅपटॉप सुमारे ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरण्यासाठी बनवलेले असतात, आणि लिथियम-आयन बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करणे तिच्या आयुष्याला घातक मानले जाते. काळ्या रंगाची पिशवी दुपारी उन्हात उभ्या सायकलीवर राहिली, तर आतील तापमान बाहेरच्या हवेपेक्षाही बरेच वर जाते. म्हणून उन्हाळ्यात पिशवी फिकट रंगाची घ्यावी किंवा तिच्यावर पांढऱ्या सुती कापडाची खोळ घालावी, सायकल सावलीत लावावी, आणि ऑफिसात पोचताच लॅपटॉप चार्जिंगला न लावता पंधरा-वीस मिनिटे निवू द्यावा. शक्य असेल त्यांनी एप्रिल-मेमध्ये कामाची वेळ सकाळची मागून घ्यावी. हा उपाय पिशवीचा नाही, पण त्याइतका गुणकारी दुसरा कोणताही नाही.

डब्यातील रस्सा सांडू नये यासाठी काय करावे?

शेवभाजीचा तर्रीदार रस्सा ज्याने एकदा कागदपत्रांवर सांडलेला पाहिला आहे, त्याला या प्रश्नाचे महत्त्व सांगावे लागत नाही. हादऱ्यांनी टिफिनचे साधे क्लिपचे झाकण सैल होते, आणि तेल पाण्यापेक्षा अधिक सहज फटीतून बाहेर येते. रश्शासाठी फिरवून बसवायचे आट्याचे झाकण आणि आत रबरी रिंग असलेला डबा वापरावा. ती रिंग वर्षाकाठी बदलावी, कारण तेलाने व उष्णतेने ती ताठर होते. डबा काठोकाठ भरू नये, आणि तो पिशवीत उभाच राहील अशा रीतीने दोन्ही बाजूंनी आधार द्यावा.

डबा आणि कागद किंवा लॅपटॉप एका पिशवीत ठेवू नयेत. डावीकडे खाणे व पाणी, उजवीकडे कामाचे सामान, अशी कायमची वाटणी केली, की घाईतही चूक होत नाही. कळण्याची भाकरी, ठेचा, भरीत असा कोरडा किंवा घट्ट डबा असेल, तर ही सगळी चिंता बरीच कमी होते. भरिताला तेल सुटते, तेव्हा त्यालाही झाकण मात्र घट्टच हवे.

वायरमन, प्लंबर किंवा गवंडी यांनी अवजारे कशी न्यावीत?

अवजारांचे वजन लहान जागेत एकवटलेले असते, त्यामुळे ती कॅरिअरच्या वर बांधली, तर सायकल हातात राहत नाही. हातोडी, पाइप पाना, ड्रिल मशीन यांसारखी जड अवजारे बाजूच्या पिशवीत अगदी तळाशी आणि चाकाच्या मध्यरेषेच्या शक्य तितकी जवळ, म्हणजे ॲक्सलच्या वर किंवा किंचित पुढे असावीत. ॲक्सलच्या फार मागे वजन गेले, की पुढचे चाक हलके होते आणि हँडल थरथरते. एका बाजूला ड्रिल असेल, तर दुसऱ्या बाजूला वायरचे बंडल, खिळ्यांचे डबे व पाणी ठेवून तोल साधावा. किलो-अर्धा किलोचा फरक चालतो, त्याहून अधिक नको.

पक्कड, टेस्टर, स्क्रू ड्रायव्हर अशी लहान अवजारे कॅनव्हासच्या कप्प्यांच्या पट्टीत खोवून ती पट्टी गुंडाळून बांधावी. यामुळे ती खडखडत नाहीत, एकमेकांवर घासत नाहीत, आणि कामाच्या ठिकाणी पट्टी उलगडली, की सगळे समोर दिसते. पटाशी, करवत व कटर यांच्या धारेवर जुन्या पाइपचा उभा चिरलेला तुकडा चढवावा. मल्टिमीटर अवजारांत न टाकता डब्याच्या बाजूच्या पिशवीत कापडात गुंडाळून ठेवावा.

लांब वस्तूंचा प्रश्न वेगळा आहे. लेव्हल, फूटपट्टी, नकाशाची नळी किंवा पाइपचा तुकडा कॅरिअरवर आडवा बांधणे म्हणजे गर्दीत कोणाच्या तरी पोटात तो खुपसणे होय. अशा वस्तू सायकलच्या डंड्याला समांतर, दोन ठिकाणी ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळून बांधाव्यात. बांधल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून पाहावे आणि पॅडल मारताना गुडघा लागत नाही ना, याची खात्री करावी. डंड्याच्या मापापेक्षा लांब वस्तू सायकलवर न नेलेलीच बरी.

वह्या, उत्तरपत्रिका आणि फाइली दुमडू नयेत म्हणून काय करावे?

कागदाचा गठ्ठा कॅरिअरच्या चापाखाली कधीही धरू नये. चाप मधोमध दाबतो, कडा उचलल्या जातात, आणि वाऱ्याने एकेक पान सुटत जाते. दोन पुठ्ठ्यांमध्ये गठ्ठा घालून सुताच्या नाडीने चारी बाजूंनी बांधावा, जाड पॉलिथीनमध्ये गुंडाळावा आणि बाजूच्या पिशवीत उभा ठेवावा. उत्तरपत्रिकांसारखे जोखमीचे कागद असतील, तर वाटेत थांबताना पिशवी सायकलवर सोडून जाऊ नये.

इस्त्रीचे कपडे नेता येतात का?

येतात. शर्ट पुठ्ठ्याभोवती दुकानातल्यासारखा घडी घालून सपाट पाकिटात ठेवावा, आणि पँट गुंडाळून न्यावी. गुंडाळलेल्या कापडाला घडीच्या रेषा कमी पडतात. सोमवारी आठवड्याचे कपडे एकदम नेऊन शनिवारी परत आणणारेही आहेत. घामाचा शर्ट परत आणायला वेगळी बंद पिशवी ठेवावी, म्हणजे बाकीच्या सामानाला वास लागत नाही.

पावसाळ्यात सामान कोरडे कसे ठेवावे?

शिवलेली कोणतीही पिशवी जोराच्या पावसात थोडीफार गळतेच, कारण कापड कितीही चांगले असले, तरी सुईची छिद्रे राहतात. ज्या पिशव्यांचे जोड शिवण्याऐवजी उष्णतेने एकजीव केलेले असतात आणि तोंड तीनदा दुमडून बकलने बंद होते, त्या खऱ्या अर्थाने पाणी रोखतात. जर्मनीतील ऑर्टलीब ही १९८२ साली स्थापन झालेली कंपनी अशा पिशव्यांसाठी ओळखली जाते. त्यांच्या किमती मात्र अनेकांच्या सायकलींपेक्षाही अधिक असतात.

स्वस्त उपाय म्हणजे पिशवीच्या आत पिशवी. बाहेरची पिशवी चिखल झेलते आणि आतली जाड पॉलिथीनची, तोंडाला पीळ देऊन बांधलेली पिशवी पाणी रोखते. दुकानातील पातळ कॅरीबॅगवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, आणि ती या कामाला कधीच टिकत नव्हती. बाहेरून घालायचे रेनकव्हर वरचा पाऊस अडवते, पण चाकावरून खालून उडणारे पाणी अडवत नाही. त्यामुळे मडगार्ड पूर्ण लांबीचे हवे, आणि पुढच्या मडगार्डच्या टोकाला जुन्या ट्यूबचा किंवा रबराचा पडदा लावावा.

काळ्या मातीच्या रस्त्यांवर आणखी एक अडचण येते. शेतरस्त्यावरचा चिखल टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये दाटत जातो आणि काही अंतरावर चाक फिरणेच बंद होते. सामान लादलेली सायकल अशा वेळी उचलून नेता येत नाही. पावसाळ्यात अंतर वाढले, तरी डांबरी रस्त्यानेच जावे, आणि मडगार्डमधला चिखल काढायला एक काटकी किंवा जुना चमचा हाताशी ठेवावा.

रेल्वेने अप-डाऊन करणाऱ्यांनी कोणती पिशवी घ्यावी?

जळगाव-भुसावळसारख्या सुमारे २५ किलोमीटरच्या प्रवासासाठी घर ते स्टेशन सायकल, पुढे रेल्वे आणि उतरल्यावर पायी किंवा रिक्षा, असा दिनक्रम अनेकांचा असतो. त्यांना सायकलवरून पटकन निघणारी आणि खांद्यावर घेता येणारी एकच पिशवी हवी. जोडपिशवी त्यांच्या उपयोगाची नाही. आकड्यांची बाजू खांद्याला टोचू नये, म्हणून तिच्यावर झाकण असलेली पिशवी निवडावी, किंवा साधी सॅकच कॅरिअरवर बसवलेल्या उथळ टोपलीत ठेवून हुकाच्या रबरी दोरीने आवळावी. गाडीच्या गर्दीत हा दुसरा उपाय अधिक सुटसुटीत वाटतो. पास आणि मोबाइल पिशवीत न ठेवता अंगावरच ठेवावेत.

एका बाजूला एकच पिशवी लावली असेल, तर ती डावीकडे लावावी. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे पिशवीचा फुगवटा वाहनांच्या बाजूला येत नाही.

महामार्गावरून आणि अंधारात जाताना काय लक्षात घ्यावे?

पिशव्यांसह सायकलची रुंदी हँडलच्या रुंदीबाहेर जाऊ नये. मुंबई-आग्रा महामार्गावर किंवा जळगाव-धुळे रस्त्यावर ट्रक शेजारून जातो, तेव्हा हवेचा झोत आधी बाजूला ढकलतो आणि मग आत ओढतो. भरलेल्या पिशव्यांवर हा झोत अधिक लागतो, म्हणून दोन्ही हात हँडलवर असावेत. सेवारस्ता असेल तेथे तोच वापरावा.

भरलेली पिशवी मागचा लाल दिवा आणि मडगार्डवरील रिफ्लेक्टर पुष्कळदा झाकते. सामान लादल्यावर सायकलच्या मागे दहा पावले जाऊन पाहावे. दिवा दिसत नसेल, तर तो कॅरिअरच्या मागच्या टोकाला हलवावा. ट्रकला लावतात ती लाल रेडियमची पट्टी महामार्गालगतच्या दुकानांत सहज मिळते. तिचे तुकडे पिशवीच्या मागे व बाजूला शिवून घ्यावेत. नुसत्या चिकटवलेल्या पट्ट्या उन्हाळ्यात सुटतात.

सामान लादल्यावर सायकल स्टँडवरून पडते, उपाय काय?

साइड स्टँड मोकळ्या सायकलसाठी असतो. रोज वजन न्यायचे असेल, तर मागचे चाक उचलून धरणारा दुहेरी घोडा स्टँड बसवावा, आणि मऊ जमिनीवर त्याच्या पायांखाली फरशीचा तुकडा किंवा लाकडी फळी ठेवावी. पिशव्या आळीपाळीने भराव्यात. एक बाजू पूर्ण भरून मग दुसरीकडे वळले, तर सायकल त्याआधीच आडवी होते. कॅरिअरवर उंच सामान असताना मागून पाय टाकून बसता येत नाही, तेव्हा सायकल आपल्याकडे झुकवून डंड्यावरून पाय टाकावा. बिनडंड्याची लेडीज सायकल या बाबतीत सर्वांनाच सोयीची आहे, आणि पुरुषांनी ती वापरण्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही.

दुरुस्तीचे कोणते सामान सोबत असावे?

एक जादा ट्यूब, टायर काढायच्या दोन पट्ट्या, लहान पंप आणि आपल्या सायकलीला लागणारा पाना किंवा एलन की एवढे पुरते. बांधावरचे बाभळीचे काटे आणि उन्हाळ्याच्या तोंडी रस्त्यावर येणारे सराटे यांमुळे पंक्चर हा येथे अपवाद नाही. रस्त्यात पंक्चर काढत बसण्यापेक्षा ट्यूब बदलून पुढे जावे आणि जुनी ट्यूब गावात दुकानातून काढून घ्यावी. मात्र नवी ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून बोट फिरवून काटा काढलाच पाहिजे. सोल्युशनची ट्यूब एकदा फोडली, की उष्णतेने काही आठवड्यांत सुकते, म्हणून तिच्यावर विसंबू नये. ही सारी पुडी पिशवीत वरच्या कप्प्यात असावी, डब्याच्या खाली नसावी.

पिशव्या आणि कॅरिअर यांची देखभाल किती वेळाने करावी?

कॅरिअरचे बोल्ट पंधरवड्यातून एकदा पान्याने तपासावेत. नवे कॅरिअर बसवल्यावर पहिल्या आठवड्यातच ते एकदा पुन्हा आवळावे लागतात. सैल बोल्ट आधी खडखडून सूचना देतो, पण अवजारांच्या आवाजात ती ऐकू येत नाही. बोल्टला स्प्रिंग वॉशर किंवा नायलॉनचा लॉकनट लावला, तर तो सहसा सुटत नाही. वेल्डिंगच्या सांध्यांवर गंजाची बारीक रेघ दिसली, तर तेथे चीर असण्याची शक्यता असते; तो सांधा लगेच दुरुस्त करून घ्यावा. ट्यूबचे पट्टे उन्हाने तडकतात, म्हणून उन्हाळा सरताना ते बदलावेत. पंक्चरच्या दुकानात टाकून दिलेल्या ट्यूब मागितल्या, तर कोणी नाही म्हणत नाही. कॅनव्हासच्या पिशव्या पावसाळ्यानंतर ब्रश व साध्या पाण्याने धुऊन सावलीत उलट्या टांगून वाळवाव्यात, आणि पिशवीची चेन (झिप) व बकले दातांमधील माती निघेपर्यंत घासावीत.